पॉलिअमाइनचा हिशेब पेशी कसा ठेवते?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

विषय : स्पर्मिडीनविषयीच्या लेखनात राहून जाणारी बाजू

पुट्रेसिन, स्पर्मिडीन आणि स्पर्मिन या पॉलिअमाइनांविषयी आरोग्याच्या पानांवर अलीकडे बरेच लिहिले जाते. युक्तिवाद बहुधा एकाच वळणाचा असतो. ही द्रव्ये पेशीला हवी असतात, वयाबरोबर अनेक ऊतींत ती कमी होतात, म्हणून ती बाहेरून घ्यावीत. पहिली दोन विधाने बऱ्याच अंशी खरी आहेत. तिसरे मात्र त्यांतून निघत नाही. बाहेरून आलेले स्पर्मिडीन पेशीत नुसते साठत जात नाही. ते वाढले की पेशी स्वतःचे उत्पादन आवरते, आत घेणे कमी करते आणि असलेला साठा मोडायला काढते. या सगळ्याला दिवस लागत नाहीत, काही तासांत ते घडते. ही व्यवस्था नेमकी कशी चालते ते वाचकांपुढे यावे, यासाठी हे पत्र.

पॉलिअमाइन हे छोटे, सरळ साखळीचे रेणू. पुट्रेसिनमध्ये दोन, स्पर्मिडीनमध्ये तीन आणि स्पर्मिनमध्ये चार नायट्रोजन असतात आणि पेशीतल्या आम्लतेला त्या सर्वांवर जवळपास पूर्ण धनभार असतो. आरएनए आणि डीएनए ऋणभारित असल्यामुळे पॉलिअमाइन त्यांना चिकटून राहतात. पेशीतले त्यांचे एकूण प्रमाण मिलिमोलरच्या घरात जाते, पण त्यातला मोकळा भाग फार थोडा असतो. पुढचे सगळे नियंत्रण या मोकळ्या भागावर चालते. तो कमी पडला तर वाढ थांबते. त्यामागचे एक पक्के कारण म्हणजे इआयएफ५ए हे प्रथिन. त्याच्या एका ठरावीक लायसिनवर स्पर्मिडीनचा तुकडा जोडून हायप्युसिन नावाचे अमिनो आम्ल तयार होते. ते नसेल तर सलग प्रोलिनसारख्या अवघड जागी रायबोसोम (प्रथिने बनवणारी पेशीतली यंत्रे) अडकून पडतात. उलट बाजूने, पॉलिअमाइन फार वाढले तर त्यांच्या ऑक्सिडीकरणातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि विषारी अल्डिहाइड निघतात. अशा दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात पेशीला राहायचे असते.

सस्तन प्राण्यांच्या पेशीत उत्पादनाचा मार्ग असा आहे. ऑर्निथिन डीकार्बोक्झिलेज म्हणजे ओडीसी हे विकर ऑर्निथिनमधून कार्बन डायऑक्साइड काढून पुट्रेसिन बनवते. दुसरीकडे एस-अडेनोसिलमिथिओनिन डीकार्बोक्झिलेज हे विकर (त्याच्या जनुकाचे नाव एएमडी१) पुढच्या पायऱ्यांना लागणारा अमिनोप्रोपिल गट तयार ठेवते. स्पर्मिडीन सिंथेज तो गट पुट्रेसिनवर बसवते आणि स्पर्मिन सिंथेज तसाच आणखी एक स्पर्मिडीनवर. ही दोन सिंथेज विकरे स्थिर आहेत आणि त्यांचा वेग कच्चा माल किती येतो यावरच बराचसा ठरतो. नियंत्रणाचा सगळा डाव पहिल्या दोन विकरांवर आणि मोडणीच्या एका विकरावर मांडलेला आहे. ही तिन्ही विलक्षण अल्पजीवी आहेत.

ओडीसीचे अर्धायुष्य, म्हणजे असलेले निम्मे प्रथिन संपायला लागणारा काळ, सस्तन पेशीत साधारण १० ते ३० मिनिटे असते. उंदराच्या यकृतात प्रथिननिर्मिती औषधाने थांबवून ते मोजले गेले, तेव्हा १९६९ साली ११ मिनिटांचा आकडा मिळाला होता. त्याआधी १९६८ मध्ये यकृताचा भाग कापून काढल्यावर उरलेल्या, पुन्हा वाढू लागलेल्या यकृतात ही क्रियाशीलता काही तासांतच अनेक पट चढते, असे दिसले होते. इतक्या कष्टाने बनवलेले प्रथिन लगेच मोडून टाकणे हा अपव्यय वाटेल. पण एखाद्या प्रथिनाची पातळी किती लवकर बदलते हे ते किती वेगाने बनते यापेक्षा ते किती काळ टिकते यावर अवलंबून असते. अर्धायुष्य २० मिनिटांचे असेल, तर निर्मितीचा दर बदलल्यावर २० मिनिटांत नव्या पातळीचे अर्धे अंतर कापले जाते. अर्धायुष्य दोन दिवसांचे असेल, तर तेवढ्याच अंतराला दोन दिवस. पेशी जी ऊर्जा खर्च करते, ती या चपळाईची किंमत असते.

वाढीचा संदेश आला की मिक हे प्रथिन ओडीसीच्या जनुकातल्या दोन जागांना बसते आणि संदेशवाहक आरएनएची (प्रथिन बनवण्याचा मजकूर रायबोसोमकडे नेणाऱ्या रेणूची) निर्मिती वाढवते. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात. पॉलिअमाइन स्वतः आपल्या विकराला कसे आवरतात, याचे उत्तर जनुकाच्या पातळीवर सापडत नाही. १९७६ साली पेशींना पॉलिअमाइन दिल्यावर एक प्रथिन तयार होते आणि ते ओडीसीला निष्क्रिय करते, असे आढळले. त्याला अँटीझाइम म्हणतात.

सक्रिय ओडीसी दोन सारख्या घटकांच्या जोडीने बनलेले असते आणि क्रियास्थाने या दोघांच्या सांध्यावर असतात. सुटा घटक काहीच काम करत नाही. ही जोडी घट्ट नसते, घटक सतत सुटतात आणि पुन्हा जुळतात. अँटीझाइमची सुट्या घटकाशी असलेली ओढ त्या दोघांच्या एकमेकांशी असलेल्या ओढीपेक्षा कितीतरी अधिक असते, त्यामुळे सुटलेला घटक त्याच्याकडेच जातो. विकर बंद पडले, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी, की अँटीझाइम जुळल्यावर ओडीसीच्या कार्बोक्सिल टोकाकडची ३७ अमिनो आम्लांची शेपटी उघडी पडते. प्रोटिअसोम या प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेला घडी घातलेले प्रथिन धरता येत नाही. तिला एक सैल टोक लागते आणि ही शेपटी नेमकी तसे टोक आहे. बहुतेक प्रथिनांना प्रोटिअसोमकडे पाठवण्याआधी युबिक्विटिनची खूण लावावी लागते. ओडीसीला ती लागत नाही, हे १९९२ मध्ये शुद्ध घटक घेऊन दाखवले गेले. ओडीसी मोडले जाते, अँटीझाइम सुटते आणि पुढचा घटक धरते. म्हणून थोडेसे अँटीझाइमही बरेच ओडीसी संपवू शकते.

आता खरा प्रश्न. पॉलिअमाइन वाढले आहेत हे अँटीझाइमला कळते कसे? यासाठी पेशीने वेगळा संवेदक ठेवलेला नाही. ते काम रायबोसोमच करतो. आरएनएचा मजकूर तो तीन-तीन अक्षरांच्या गटांत, म्हणजे कोडॉनांत, वाचतो. ही त्याची वाचनाची चौकट. अँटीझाइमच्या संदेशवाहक आरएनएत सलग वाचता येणारा एकच मजकूर नसून दोन तुकडे आहेत आणि दुसरा तुकडा पहिल्याच्या तुलनेत एक अक्षर सरकलेल्या चौकटीत लिहिलेला आहे. पहिल्या, सुमारे ७० अमिनो आम्लांच्या तुकड्याशेवटी यूजीए हा थांबा येतो. पॉलिअमाइन कमी असतील तेव्हा बहुतेक रायबोसोम तिथेच थांबतात आणि निघते ते निरुपयोगी छोटे प्रथिन. पॉलिअमाइन वाढले की काही रायबोसोम यूसीसी हा कोडॉन वाचल्यावर थांब्यातला यू हे एक अक्षर गाळतात, जीएयू हा कोडॉन वाचतात आणि नव्या चौकटीत पुढे जाऊन पूर्ण अँटीझाइम बनवतात. त्या जागेच्या पुढे आरएनएची एक गाठीसारखी घडी असते, तीही या घसरणीला मदत करते. एरवी चौकट घसरणे ही प्रथिननिर्मितीतली चूक. इथे तीच चूक मोजमापाचे साधन झाली आहे. १९९५ साली सस्तन प्राण्यांत हे स्पष्ट झाले. यीस्टपासून माणसापर्यंत ही युक्ती टिकून आहे, यावरून तिची उपयुक्तता लक्षात यावी.

अँटीझाइमचे दुसरेही काम आहे. ते पॉलिअमाइन आत घेणे रोखते. म्हणजे वाढीव साठ्याची खबर लागताच घरचे उत्पादन आणि बाहेरची आवक यांवर एकाच प्रथिनाने टाच येते. स्पर्मिडीनच्या गोळ्यांची जाहिरात लिहिणाऱ्यांनी निदान एवढे वाक्य तरी वाचावे.

अँटीझाइमलाही लगाम आहे. अँटीझाइम इन्हिबिटर हे प्रथिन रचनेने ओडीसीसारखेच, पण विकर म्हणून निष्क्रिय असते. ते अँटीझाइमला ओडीसीपेक्षा घट्ट धरते, त्यामुळे ओडीसी मोकळे होते. पॉलिअमाइन वाढले की या इन्हिबिटरची निर्मिती घटते. यकृताच्या काही कर्करोगांत त्याच्या आरएनएमधले एक अक्षर बदलले जाते आणि अँटीझाइमवरची त्याची पकड आणखी पक्की होते, असे २०१३ मध्ये दाखवले गेले. लगामाचा लगाम बिघडला तरी वाढ सुसाट सुटते, ती अशी.

एएमडी१चे विकर वेगळ्या रीतीने आवरले जाते. ओडीसीला ब जीवनसत्त्व गटातील पायरिडॉक्सल फॉस्फेट लागते. या विकराला ते लागत नाही, ते आपला सहघटक स्वतःतूनच घडवते. मानवात ३३४ अमिनो आम्लांची मूळ साखळी ६७ व्या ग्लुटामेट आणि ६८ व्या सेरिनमध्ये स्वतःला कापून घेते आणि त्या सेरिनचा पायरुव्हॉइल गट होतो. पुट्रेसिन ही कापणीही वाढवते आणि तयार विकराचा वेगही. पुट्रेसिन साचले की ते पुढे सरकवण्याची सोय आपोआप वाढते. उलट दिशेचा लगाम आरएनएच्या सुरुवातीला आहे. तिथे मिथिओनिन, अॅलनिन, ग्लायसिन, अस्पार्टेट, आयसोल्युसिन आणि सेरिन अशा फक्त सहा अमिनो आम्लांचा एक छोटा मजकूर आहे. पॉलिअमाइन भरपूर असले की हा मजकूर संपवताना रायबोसोम तिथेच रेंगाळतो आणि मागचे रायबोसोम मुख्य मजकुरापर्यंत पोचत नाहीत.

मोडणीच्या बाजूला एसएसएटी हे विकर आहे. ते स्पर्मिडीन आणि स्पर्मिनला असेटिल गट लावते. एक भार गेल्याने रेणू आरएनएवरून सुटायला सोपा होतो. मग तो पेशीबाहेर टाकला जातो किंवा पॉलिअमाइन ऑक्सिडेज त्याचे स्पर्मिन ते स्पर्मिडीन, स्पर्मिडीन ते पुट्रेसिन असे उलटे रूपांतर करते. एरवी एसएसएटी नगण्य असते, अर्धायुष्य तासापेक्षाही कमी. पॉलिअमाइन वाढताच त्याचे जनुक अधिक चालते, आरएनए नीट जोडला जातो, तो अधिक वाचला जातो आणि तयार प्रथिन लवकर मोडत नाही. चार पायऱ्यांवर थोडी थोडी वाढ, गुणाकार मात्र मोठा. पॉलिअमाइनसारखे दिसणारे काही कृत्रिम रेणू दिले तर काही कर्कपेशींत हे विकर शेकडो पटींनी वाढते आणि पेशीचा साठा रिकामा होतो. स्पर्मिन ऑक्सिडेज हे आणखी एक विकर स्पर्मिनला थेट स्पर्मिडीनमध्ये उतरवते. त्यातून निघणारे हायड्रोजन पेरॉक्साइड केंद्रकाजवळच तयार होऊ शकते, म्हणून त्याची जास्त चर्चा होते.

ही माहिती निव्वळ पुस्तकी नाही. डीएफएमओ, म्हणजे एफ्लॉर्निथिन, हे ओडीसीचे आत्मघाती प्रतिबंधक. विकर त्याला ऑर्निथिन समजून कार्बन डायऑक्साइड काढते आणि जो क्रियाशील तुकडा उरतो तो क्रियास्थानातल्या सिस्टीनला कायमचा चिकटतो. आता विचार करा, ज्या विकराचे अर्धायुष्य २० मिनिटांचे आहे ते असे मारून किती उपयोग? नवे सतत बनतच असते. माणसाच्या पेशी हे औषध बऱ्यापैकी सहन करतात, त्याचे हे एक कारण. निद्रारोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा ब्रुसी मात्र त्यात सापडतो. त्याच्या ओडीसीला ती ३७ अमिनो आम्लांची शेपटी नाही, त्यामुळे विकर दीर्घजीवी असते आणि एकदा निकामी झाले की भरपाई सावकाश होते. मानवी आणि परजीवी विकर औषधाला जवळपास सारख्याच प्रमाणात बांधतात. निवडकपणा येतो तो टिकण्याच्या काळातल्या फरकातून. हे औषध १९९० मध्ये अमेरिकेत या रोगासाठी मंजूर झाले. एकट्याने देताना दर किलो वजनामागे दिवसाला ४०० मिलिग्रॅम, दर ६ तासांनी शिरेतून, १४ दिवस, म्हणजे ५६ वेळा द्यावे लागे. औषध रक्तातून लवकर निघून जाते आणि पुट्रेसिनला डोके वर काढू द्यायचे नसते. निफर्टिमॉक्स या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर तीच दैनिक मात्रा दोनदा विभागून ७ दिवस पुरते. डिसेंबर २०२३ मध्ये हेच औषध तोंडाने घ्यायच्या गोळीच्या रूपात उच्च धोक्याच्या न्यूरोब्लास्टोमासाठी (मुख्यतः लहान मुलांत होणाऱ्या एका कर्करोगासाठी) अमेरिकेत मंजूर झाले. त्या कर्करोगात अनेकदा एन-मिक वाढलेले असते आणि ओडीसीचे जनुक मिक कुटुंबाच्या ताब्यात आहे. (चेहऱ्यावरचे अनावश्यक केस मंदावणारे १३.९ टक्क्यांचे मलमही याच रेणूचे आहे.)

शेपटीचे महत्त्व माणसातही दिसून आले आहे. २०१८ मध्ये वर्णन झालेल्या बाखमन-बप लक्षणसमूहात ओडीसीचे जनुक शेवटाकडे तुटलेले असते. शेपटी गेल्याने विकर मोडले जात नाही आणि पुट्रेसिन साचते. विकासाला विलंब आणि केस नसणे ही त्याची ठळक लक्षणे, आणि डीएफएमओ हाच त्यावर तर्कसुसंगत उपाय.

आता प्रयोगशाळेविषयी, कारण बातम्या तिथल्या निष्कर्षांवर उभ्या राहतात. सर्वांत मोठा घोळ गाईच्या रक्तद्रवाचा. पेशी वाढवण्याच्या माध्यमात तो १० टक्के घालण्याची पद्धत आहे. त्यातले अमाइन ऑक्सिडेज स्पर्मिडीन आणि स्पर्मिनचे बाहेरच ऑक्सिडीकरण करते आणि पेशी मरतात किंवा ताणाखाली येतात त्या हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्डिहाइडांमुळे. दोष किंवा श्रेय मात्र स्पर्मिडीनला जाते. ते अमाइन ऑक्सिडेज रोखण्यासाठी आधी १ मिलिमोलर अमिनोग्वानिडीन घालतात. तेही नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एका विकराला रोखते, म्हणून फक्त अमिनोग्वानिडीन दिलेला गट वेगळा ठेवावाच लागतो. ज्या शोधनिबंधाच्या कार्यपद्धतीत याचा उल्लेख नाही, त्याचे स्पर्मिडीनविषयीचे निष्कर्ष आम्ही बाजूला ठेवतो.

दुसरी चूक केवळ आरएनए मोजण्याची. ओडीसीचा आरएनए दुप्पट झाला म्हणून विकर दुप्पट झाले असे होत नाही, हे वरच्या विवेचनावरून कळेलच. प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत (वेस्टर्न ब्लॉट) उमटणारी पट्टीही फसवते, कारण अँटीझाइमला जुळलेले ओडीसी पट्टीत दिसते पण काम करत नाही. क्रियाशीलता मोजायची तर पहिल्या कार्बनवर किरणोत्सारी खूण असलेले ऑर्निथिन, पायरिडॉक्सल फॉस्फेट आणि डायथायोथ्रायटॉल घेऊन ३७ अंशांवर सुटणारा कार्बन डायऑक्साइड पकडतात. कच्च्या अर्कात मायटोकाँड्रियातल्या दुसऱ्या मार्गानेही ऑर्निथिनमधून तो निघतो. म्हणून डीएफएमओ घातलेली जोडनळी ठेवून तिचा आकडा वजा करायचा असतो. चौकट घसरण्याचे प्रमाण दोन ल्युसिफरेजांच्या (प्रकाश देणाऱ्या विकरांच्या) रचनेने मोजता येते. त्यात थांब्यातले यू आधीच गाळलेली, सलग वाचली जाणारी रचना शंभर टक्क्यांचे माप म्हणून सोबत चालवली नाही, तर आलेल्या टक्केवारीला अर्थ राहत नाही.

पॉलिअमाइनचे प्रमाण मोजताना पेशी थंड क्षारद्रावणाने धुऊन परक्लोरिक आम्लात अर्क काढतात, ज्ञात प्रमाणात १,७-डायअमिनोहेप्टेन मिसळतात, डॅन्सिल क्लोराइडने चमक देतात आणि द्रवस्तंभातून वेगळे करतात. स्पर्मिन काचेला चिकटते, तेव्हा भांडी प्लास्टिकची हवीत. आणि यातून मिळतो तो एकूण आकडा. आरएनएला चिकटलेले किती आणि मोकळे किती हे त्यात कळत नाही, तर रायबोसोमला जाणवते ते मोकळे प्रमाण.

आता गोळ्यांकडे. स्पर्मिडीनने यीस्ट, माश्या आणि कृमींचे आयुष्य वाढते, असे २००९ मध्ये दाखवले गेले आणि २०१६ मध्ये उंदरांच्या हृदयावर चांगला परिणाम दिसला. ते काम आम्ही कमी लेखत नाही. पण मात्रा पाहा. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात ३ मिलिमोलर स्पर्मिडीन होते. २५ ग्रॅमचा उंदीर दिवसाला ४ मिलिलिटर पाणी पितो असे धरले, तर १२ मायक्रोमोल, म्हणजे सुमारे १.७ मिलिग्रॅम पोटात जाते. दर किलोला जवळपास ७० मिलिग्रॅम. उंदरावरून माणसाची मात्रा काढताना साधारण १२ ने भागतात, तरीही ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ३५० मिलिग्रॅम होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०० वृद्धांवरच्या चाचणीत गव्हाच्या अंकुरातून दिवसाला ०.९ मिलिग्रॅम स्पर्मिडीन १२ महिने दिले गेले आणि स्मरणशक्तीच्या मुख्य मापात फरक पडला नाही. रोजच्या आहारातून मिळणारे स्पर्मिडीनच याहून जास्त असते. २०२३ मधल्या दुसऱ्या अभ्यासात दिवसाला १५ मिलिग्रॅम दिल्यावर रक्तद्रवात स्पर्मिडीन वाढले नाही, स्पर्मिन वाढले. तोंडाने घेतलेले द्रव्य रक्तात पोचण्याआधीच त्याचे रूपांतर झाले होते, हा त्याचा सरळ अर्थ.

मग मात्रा वाढवावी का? वाढवली तरी पेशीच्या आत अँटीझाइम आणि एसएसएटी तयारच आहेत. म्हातारपणी साठा कमी होण्यामागे उत्पादन घटले आहे, मोडणी वाढली आहे, की आत घेतलेले पॉलिअमाइन लायसोसोममधून (पेशीतल्या पचनाच्या पिशवीतून) बाहेर काढणारे एटीपी१३ए२ हे प्रथिन कमी पडते आहे, हे ऊतीनुसार आधी ठरवावे लागेल. त्या प्रथिनाचे हे काम २०२० मध्ये उघड झाले. त्याच्या जनुकातील दोषांमुळे तरुण वयात कंपवातासारखा विकार होतो. लायसोसोमचे दारच अडले असेल, तर बाहेरून आणखी भरल्याने लायसोसोम फुगतील, पेशीद्रवाला काही मिळणार नाही.

एक धोक्याची जागा मात्र छापली जावी. डीएफएमओने पुट्रेसिन काही तासांत आणि स्पर्मिडीन त्यानंतर खाली येते, स्पर्मिन मात्र फारसे हलत नाही. साठा उतरला की अँटीझाइम कमी बनते आणि बाहेरून आत घेण्यावरची टाच निघते. एरवी जी पेशी स्पर्मिडीनची गोळी जवळपास नाकारते, तीच या अवस्थेत ते अधाशासारखे ओढून घेते आणि औषधाने घडवलेली टंचाई भरून निघते. म्हणून एफ्लॉर्निथिन चालू असलेल्या रुग्णाने स्पर्मिडीनचे पूरक घेण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते दाखवावे, एवढी ओळ अशा प्रत्येक लेखाखाली असावी.

आपले,
जीवरसायनशास्त्राचे काही अध्यापक